बसण्यासाठी कौल

माझ्या मुलीला पाहिल्यावर लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, चालेल का? एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, रेशनच्या दुकानातला माणूस विचारतो, लग्नात जेवायला बसलं की समोरच्या पंगतीतून कुणीतरी मान पुढे काढून विचारतं. पूर्वी मी समजावून सांगायचे. जन्मली तेव्हा उशिरा रडली, मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातापायांचे स्नायू कायम आखडलेले असतात, डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, ती आपली आपण चालणार नाही. एवढं सगळं ऐकून झाल्यावर समोरचा माणूस म्हणायचा, होईल होईल, चालेल हळूहळू. पुढे मी समजावणं सोडून दिलं. "नाही चालणार," एवढंच म्हणते आणि खिडकीबाहेर बघते. मग लोकांना मी दगडाच्या काळजाची आई वाटते. वाटू दे.

चालणं हा आमच्या घरातला प्रश्न कधी नव्हताच. प्रश्न बसण्याचा होता, आणि तो कुणाला प्रश्न वाटतच नव्हता.

तुम्ही आम्ही बसतो त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण माझी मुलगी आडवी असली की तिला घराचं आढं आणि पंखा दिसतो. बसवली की रस्ता दिसतो, कोंबड्या दिसतात, शाळेतून परतणारी मुलं दिसतात. आडवी असली की घासाघासाला ठसका लागतो, बसली की भात-आमटी नीट जेवते. शाळेत तिचं नाव घातलं ते ती बसू शकत होती म्हणून. तिच्या बाबांनी, ते नोकरीला असतात त्या लोट्याला, एका वेल्डरकडून खुर्ची करून आणली होती, छातीला पट्टा आणि दोन मांड्यांच्या मधे गादीचा ठोकळा असलेली. त्या खुर्चीत ती वर्गात मागच्या दाराशी बसायची आणि बाकीची मुलं ओरडली की खुदुखुदु हसायची. संध्याकाळी पडवीत आजोबांच्या मांडीवर तिची जागा ठरलेली होती. माझे सासरे तिला मांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवायचे आणि गावातल्या सगळ्या भांडणांचा वृत्तान्त सांगायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे म्हाताऱ्याचं ऐकून घेणारं माणूस घरात ती एकच होती. मी कामात असायचे आणि मला त्या भांडणांत रसही नव्हता.

आमचं गाव मंडणगडपासून आत, डोंगराच्या कुशीत. नवरा लोट्याच्या एका केमिकल कंपनीत, तिथेच मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला घरी येतो. मी मंडणगडला एका पतसंस्थेत कामाला होते. मुलगी झाल्यावर ती नोकरी सुटली, म्हणजे मीच सोडली, कारण सोडण्यासारखी नोकरी घरात माझीच होती असं सर्वांचं मत पडलं.

ती सात वर्षांची होती तेव्हा रडणं सुरू झालं. आधी कपडे बदलताना. मांड्या एकमेकींना चिकटून घट्ट झाल्या होत्या, फडकं घालायला बाजूला करायला गेलं की किंचाळायची. मग खुर्चीत रडायला लागली. मग आजोबांच्या मांडीवर. त्यांनी तिला उचलून दोन्ही बाजूंना पाय टाकले की तिचा चेहरा लाल व्हायचा आणि ती पाठ मागे ताणायची. सासऱ्यांनी दोनचार दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिला. संध्याकाळी पडवीत एकटेच बसायला लागले. मला वाटलं, कंटाळले. म्हातारी माणसं कंटाळतात.

आठवड्यातून एकदा मी तिला व्यायामासाठी खेडला नेत असे. तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय म्हणून खुब्याचा एक्सरे काढायला सांगितला. आता गंमत पाहा. जन्मापासून या मुलीला मी किती शिबिरांना नेलं होतं. अपंगत्वाचा दाखला देणारे, बूट मापणारे, मेंदूचं औषध लिहिणारे, सगळे पाहून गेले. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी पुढे मला सांगितलं की अशा मुलांच्या खुब्याचा फोटो लहानपणापासून ठरावीक काळाने काढत राहायचा असतो, दुखायला लागण्याची वाट बघायची नसते. सात वर्षांत एकानेही तो काढला नव्हता. चालेल का, हे मात्र त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं होतं. म्हणजे मी त्यांना विचारायचं ते त्यांनी मला.

खेडला काढलेला पहिला एक्सरे घेऊन आम्ही मुंबईच्या हॉस्पिटलात गेलो, तिथल्या हाडांच्या डॉक्टरबाईंनी तो उजेडाला धरला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, पाय एकमेकांवर चढलेत आणि कंबर तिरकी आहे, यावरून काही कळत नाही. दुसरा काढला. या वेळी मला जडशीळ एप्रन घालून आत उभं केलं आणि मी तिचे गुडघे सरळ धरून ठेवले. ती इतकी रडली की दाराबाहेर रांगेत बसलेल्या बायका उठून बघायला आल्या.

डॉक्टरबाईंनी मग कागदावर काढून दाखवलं. खुबा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. मूल उभं राहायला, चालायला लागलं की वजन पडून वाटी खोल होत जाते. हिचं ते झालंच नाही, आणि मांड्या आत ओढणारे स्नायू दिवसरात्र ओढत राहिले. त्यामुळे डावीकडचा चेंडू निम्म्याहून जास्त वाटीबाहेर सरकला होता. उजवीकडचा अजून जागेवर होता, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. डावीकडे ऑपरेशन लागेल. आखडलेले स्नायू सैल करायचे, मांडीचं हाड वरच्या बाजूला कापून थोडं फिरवायचं, पट्टी आणि स्क्रूने बसवायचं, गरज पडली तर वाटीवरही काम करायचं. त्यानंतर काही आठवडे छातीपासून पायापर्यंत प्लास्टर.

नवरा माझ्याबरोबर होता. त्याने विचारलंच. "म्हणजे मग चालेल ती?"

डॉक्टरबाई आमच्या दोघांकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "नाही. हे चालण्यासाठी नाहीये. तिला न दुखता बसता यावं म्हणून आहे."

किती थांबता येईल, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, थांबाल तसं काम वाढत जाईल. चेंडूवरचा गुळगुळीत थर झिजून गेला की तो परत वाटीत बसवून उपयोग होत नाही, मग दुखणं कमी करायला तो चेंडूच कापून टाकावा लागतो. तोपर्यंत थांबू नका, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

मला त्यांचं ते न दुखता बसण्याचं वाक्य आवडलं. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बसण्याबद्दल बोललं होतं. परतीच्या एसटीत मी खुशीत होते, खोटं कशाला सांगू. पनवेल गेल्यावर नवऱ्याने वडिलांना फोन लावला आणि म्हणाला, "पायाचं ऑपरेशन करायचं म्हणतायत." एवढंच. बसण्याचं, दुखण्याचं, वाटीचं काही नाही. त्या एका फोनची किंमत पुढे आम्ही मोजली.

आमच्याकडे मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. घराचा पाया, मुलीचं लग्न, परदेशातली नोकरी, विहीर कुठे खणायची, सगळं ग्रामदेवाच्या कौलावर. लोट्याच्या नोकरीलाही कौल लावला होता. देवाच्या पाषाणावर दोन्ही खांद्यांशी पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने घरच्या माणसाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठची कळी आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर देवाचं हो. डावी पडली तर नाही. मी माहेरीही हेच पाहत वाढले, मला त्यात वावगं वाटत नव्हतं. ऑपरेशनआधी कौल लावायचं ठरलं तेव्हा मी स्वतः फुलं काढून दिली.

गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. मुंबईची भावकी अजून गावातच होती, म्हणून सासऱ्यांनी तोच दिवस धरला. बायका देवळाच्या पायरीशी. मुलगी माझ्या हातांवर आडवी, तोंड माझ्या खांद्यात खुपसून. आतमध्ये गुरवाने कळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा महाराजा, या घरची पोर पांगळी हाय, तिच्या पायाचा आपरेशन करायचा घरच्यांच्या मनात हाय. पुरुषांनी होय महाराजा म्हटलं. आणि मग त्याचं पुढचं वाक्य आलं.

"तर आपरेशन करून पोर आपल्या पायान चालणार असंल, तर उजवी दे महाराजा."

होय महाराजा.

मला दोन क्षण कळलंच नाही काय झालं ते. मग अंगाचा तिळपापड झाला. हा प्रश्न कुणी दिला यांना? त्या कागदावरचा चेंडू आणि वाटी, ती डॉक्टरबाई, तो एक्सरे, सगळं मुंबईतच राहिलं होतं, आणि देवापर्यंत पोचला होता तो रेशनच्या दुकानातला प्रश्न. मी आत बघत राहिले. डावी कळी सावकाश घसरली आणि खाली पडली.

देवाने खरं तेच सांगितलं, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. ऑपरेशन करून ती चालणार नव्हतीच. डॉक्टरबाईंनीही हेच सांगितलं होतं. देव आणि डॉक्टर यांचं एकमत झालं होतं आणि माझी मुलगी त्या दोघांच्या मधे अडकली होती.

"प्रश्न चुकलाय," मी पायरीवरून म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं. चुलत सासरे म्हणाले, सूनबाय, देवळात हाय आपण. सासऱ्यांनी पाहिलंच नाही, ते खाली पडलेली कळी उचलत होते. नवऱ्याने माझा दंड धरला आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवशी मी पुष्कळ भांडले. नवरा ऐकून घेत होता आणि मधेमधे म्हणत होता की तुला काय वाटतं, मला पोरीची काळजी नाही? मला तसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं की त्याला भूल द्यायची भीती वाटते, कापाकापीची भीती वाटते, आणि देवाने नाही म्हटल्यामुळे त्याची सुटका झाली. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने लोट्याला निघून गेला.

कुणी म्हणेल, मग एकटीने का नाही नेलीस? कागदावर माझी सही चालली असती. पण प्लास्टरमध्ये अडकवलेली मुलगी एकटीने उचलता येत नाही, आणि ऑपरेशन करून परत यायचं ते याच घरात, याच माणसांच्या हातात. टेबलावर तिला काही झालं असतं तर देवाने नाही म्हटलेलं असताना हिने नेली, हे मी मरेपर्यंत ऐकलं असतं. मी तेवढी शूर नाही. रागीट आहे, पण शूर नाही.

मग सल्ले सुरू झाले. कुणी तेल आणून दिलं. मुंबईच्या जावेने फोनवर एका बाबांचा पत्ता दिला. वाडीतल्या एकाने हाड बसवणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं, तो म्हणे एका झटक्यात सांधा आत ढकलतो. त्याला मी अंगणात पाय ठेवू दिला नाही. पुन्हा कौल लावा म्हटलं तर भावकीतून उत्तर आलं की एका कामाला एकदाच कौल. देव म्हणजे काय तलाठी आहे, आज नाही तर उद्या सही देईल?

थंडीत मी तिला परत मुंबईला दाखवून आणलं. एक्सरेत डावा चेंडू आणखी वर सरकलेला दिसत होता, मलासुद्धा दिसत होता, इतका. डॉक्टरबाई चिडल्या. मी गेल्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं ना, मग का थांबलात? मी काय सांगणार होते? की आमच्या गावी देवाला चुकीचा प्रश्न विचारला गेला आणि त्याने बरोबर उत्तर दिलं? मी म्हटलं, घरी अडचण होती. त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं. बाहेर पडताना दार उघडणाऱ्या शिपाईमामांनी मुलीच्या गालाला हात लावला आणि विचारलं, चालते का हो? मी त्या माणसावर असा आवाज चढवला की त्याची चूक नव्हती हे मला जिना उतरल्यावर कळलं.

गावी आल्यावर मी गुरवाच्या घरी गेले. भर दुपारी, कुणी सोबत न घेता. तो अंगणात सुपाऱ्या सोलत होता. मी त्याला सगळं सांगितलं, कागदावर काढून दाखवलं, चेंडू, वाटी, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गाऱ्हाणा घरचा कर्ता सांगंल तसाच घालायचा असता, बाय. मी माझ्या मनाचा कायेक बोलत नाय. म्हाताऱ्यानी सांगलान, चालंल काय विचार. मी विचारला."

मी म्हटलं, समजा म्हाताऱ्यांनी दुसरं विचारायला सांगितलं तर?

त्याने सुपारी खाली ठेवली. दुसरा काम असंल तर दुसरा कौल, म्हणाला. त्याला कोण नाय म्हणंल?

म्हणजे वाट होती. गावाच्या कायद्यातच होती, फक्त ती सासऱ्यांच्या तोंडातून जात होती. आणि सासऱ्यांशी मी तोपर्यंत या विषयावर एक शब्द नीट बोलले नव्हते. त्यांच्यासमोर भांडी आपटली होती, नवऱ्याशी त्यांना ऐकू जाईल असं भांडले होते, पण समोर बसून बोलले नव्हते. सुनेने सासऱ्यासमोर बसून बोलायची आमच्याकडे रीत नाही, हे खरं. पण खरं कारण म्हणजे मला त्यांचा भयंकर राग आला होता.

संध्याकाळी ते पडवीत होते. मी मुलीला घेऊन गेले आणि म्हटलं, बाबा, हिला मांडीवर घ्या. ते म्हणाले, नको, रडंल. मी म्हटलं, घ्या. त्यांनी घेतली. दोन्ही बाजूंना पाय टाकायला गेले आणि तिने पाठ ताणून किंकाळी फोडली. मी त्यांचा हात धरला आणि तिच्या डाव्या खुब्यावर ठेवला. तिथे हाड बाहेरून हाताला लागत होतं. पाय हलवला की हाताखाली ते सरकायचं. हे तिला बसल्यावर होतं, मी म्हटलं. दर वेळी. तुमच्या मांडीवर, खुर्चीत, शाळेत. ऑपरेशन यासाठी आहे. चालण्यासाठी नाही.

त्यांनी हात काढला नाही. बराच वेळ काढला नाही. मी तिला उचलून घेतली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे ती माझ्यावर रुसलेली नाय?"

इतके महिने हा माणूस पडवीत एकटा बसत होता तो या समजुतीत. आणि मी त्याला कंटाळा म्हणत होते.

मग ते म्हणाले, "बसायला कोण देवाकडं जातो, बाय? माझ्या ध्यानातच नाय आला. मना वाटला, एवढा कापायचा तो चालायसाठीच असंल." त्यांनी ते माझी माफी मागायला म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच आश्चर्य वाटत होतं. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात बसण्यासाठी कुणी नवस बोललेला त्यांनी ऐकला नव्हता.

दुसरा कौल शिमग्याच्या आधी लागला. या वेळी मुंबईचं कुणी नव्हतं, नवरा रजा काढून आला होता. सासऱ्यांनी गुरवाला बाजूला घेऊन शब्द न् शब्द समजावला. पोर दुखल्याबिगर मांडीवर बसंल काय, हेच विचार, दुसरा काय नको. गुरवाने तेच विचारलं. कळ्या लावल्या आणि जवळजवळ लगेच उजवी पडली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. पण मला आनंद झाला नाही. मनात एवढंच आलं की हे उत्तर गणपतीतही इथेच होतं, कुणी मागितलं नव्हतं. देवावर राग काढायलाही जागा उरली नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा मुलीला ताप आला, तारीख गेली. दुसरी मिळाली तेव्हा रक्ताची सोय होईना, तेवढ्यासाठी नवऱ्याचे कंपनीतले मित्र मुंबईला आले. ऑपरेशन फार वेळ चाललं. बाहेर आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, नीट झालंय. आणि मग म्हणाल्या, गेल्या पावसाळ्यात झालं असतं तर वाटीला हात लावावा लागला नसता. त्यांनी ते सहज सांगितलं. सासरे शेजारीच उभे होते. ते बाकावर जाऊन बसले.

वैशाखात कोकणात छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घातलेलं मूल सांभाळणं म्हणजे काय, ते मी कुणाला सांगत नाही. घामाने आत खाज सुटायची आणि हात पोचायचा नाही. वीज गेली की मी पुठ्ठ्याने वारा घालायचे, मी थकले की सासरे घालायचे. प्लास्टरच्या कडेला मुंग्या लागायच्या. आंब्याचे दिवस होते आणि झोपून खाल्लेला रस तिच्या नाकात जायचा. प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखे ताठ झाले होते. मग व्यायाम. खेडच्या बाई पाय वाकवायच्या आणि ती माझ्याकडे बघत रडायची, त्यांच्याकडे नाही. तिला ठाऊक होतं तिला तिथे कोण आणतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती बोलत नाही, पण हो आणि नाही तिला चांगलं सांगता येतं. हो असेल तर वर बघते. नाही असेल तर डोळे गच्च मिटून तोंड फिरवते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भात हवा का, बाहेर जायचं का, हे तिला रोज विचारलं जायचं. मोठ्या गोष्टी तिला कुणी विचारत नव्हतं. मीही नाही.

पावसाळा सरता सरता ती बसली. आधी थोडा वेळ, मग जास्त. खुर्चीत, मग पडवीत आजोबांच्या मांडीवर, पाय दोन्ही बाजूंना. रडली नाही. सासरे हललेसुद्धा नाहीत, पायाला मुंग्या येईपर्यंत तिला तशीच धरून बसले. मग सबंध पावसाळ्यातली साचलेली भांडणं तिला सांगायला लागले. ती खुदुखुदु हसली. मी चुलीपाशी उभी राहून रडले. त्या वेळी मला कुणावरही राग नव्हता. ती शांतता फार टिकली नाही, पण होती.

या वर्षी सासऱ्यांना सोबत घेऊन तपासणीला गेलो तर उजवा चेंडू सरकायला लागलेला निघाला. अजून थोडाच. डॉक्टरबाई म्हणाल्या, या वेळी वेळेवर आलात. आत्ता केलं तर लहान काम आहे. तारीख देऊ का? मी देऊन टाका म्हणणार होते, तर सासरे म्हणाले, घरी विचारून कळवतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुन्हा कौल. पुन्हा कळ्या.

घरी आल्यावर ते देवळात गेले नाहीत. हातपाय धुतले, मुलीच्या खुर्चीसमोर जमिनीवर उकिडवे बसले आणि तिच्या उजव्या खुब्यावर हात ठेवून तिलाच विचारायला लागले. "बाय, ह्या बाजूला दुखता काय?" तिने वर बघितलं. हो. "डॉक्टरबाय म्हनते, परत आपरेशन करायचा. आधी दुखंल, पिलास्टर असंल. मग बरा. जायचा काय?"

नीट विचारलं होतं. इतक्या वर्षांत इतका सरळ प्रश्न कुणी, कुणालाही, विचारला नव्हता. देवाला नाही, डॉक्टरला नाही, मला नाही.

तिने डोळे गच्च मिटले आणि तोंड फिरवलं.

सासऱ्यांनी थांबून पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच केलं. नऊ वर्षांच्या मुलीला प्लास्टरमधला उन्हाळा आठवतो, मुंग्या आठवतात, खेडच्या बाई आठवतात. तिने विचार करून उत्तर दिलं होतं. सासरे उठले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळत होतं. तूच म्हणत होतीस ना, प्रश्न बरोबर विचारा.

मी आत गेले, फोन उचलला आणि हॉस्पिटलला तारीख मागितली. दिवाळीच्या आधीची मिळाली. बाहेर येऊन मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं की मी तारीख घेतली आहे, तू नाही म्हटलंस ते मला कळलं, तरी घेतली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी भात कालवून नेला तर तिने तोंड उघडलं नाही. चमचा ओठांना लावला, तसं डोळे मिटले. सासऱ्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं, तिला खुर्चीतून उचलून मांडीवर घेतलं, दोन्ही बाजूंना पाय टाकून. ती त्यांच्या हातून जेवली. ताठ बसून, ताटातलं सगळं, एकदाही ठसका न लागता.